नाताळासाठी घरची कँडी: पहिल्यांदाच करताय तर पाकापासून डब्यापर्यंत

दिवाळीचा फराळ जसा शेजारीपाजारी जातो, तसाच बेळगावात नाताळाचा डबाही घरोघरी फिरतो. मंगळूरकडच्या कोंकणी घरांत या पदार्थांना कुस्वार म्हणतात. त्यात करंज्या, कलकल, केक तर असतातच, पण मुलांचा हात आधी जातो तो मिल्क क्रीम (आटवलेलं दूध आणि काजू यांची साच्यातली मिठाई), पेरूचं चीज (पेरूच्या गराच्या वड्या) आणि जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेल्या टॉफीकडे. हे सगळं घरी होतं, आणि बाजारच्यापेक्षा नक्कीच चांगलं होतं. पहिल्या खेपेला फसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: पाक किती शिजला हे कळत नाही. म्हणून या लेखात कृतींच्या आधी पाकाबद्दल बरंच लिहिलं आहे. तो भाग गाळून थेट कृतीकडे जाऊ नका.

१. आधी ठरवा: काय करायचं आणि कधी

पहिल्या वर्षी सगळं करायला जाऊ नका. दोनच पदार्थ निवडा, ते दोनदा करा. सोप्याकडून अवघडाकडे क्रम असा लागतो: नारळाची वडी आणि मार्झिपान (काजूची साच्यातली मिठाई), मग पेरूचं चीज, मग मिल्क क्रीम, मग लोण्याची मऊ टॉफी, आणि सगळ्यात शेवटी पेपरमिंटच्या कडक गोळ्या.

तारखा टिकाऊपणावरून ठरतात. पेरूचं चीज सगळ्यात जास्त टिकतं आणि पेरूही थंडीत भरपूर येतात, तेव्हा ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करून टाका. टॉफी १२ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान. दुधाचं आणि ओल्या नारळाचं काहीही २१-२२ तारखेच्या आधी करू नका. २४ तारीख कँडीसाठी धरूच नका. त्या दिवशी घरात एवढी गडबड असते की कढईपाशी तासभर सलग उभं राहणं जमत नाही, आणि यातल्या प्रत्येक पदार्थाला ते लागतंच.

बेळगावची डिसेंबरची हवा या कामाला अनुकूल असते, कोरडी आणि गार. तरी मध्येच आभाळ येऊन दोन दिवस दमट जातात. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे अशा दिवशी केलेली टॉफी कितीही नीट शिजवली तरी संध्याकाळपर्यंत चिकट होते. ढगाळ दिवस असेल तर त्या दिवशी पेरू शिजवा, काजू दळा, कागद कापून ठेवा. पाक दुसऱ्या दिवशी.

२. साहित्य आणणं

भांडी आणि हत्यारं:

- जाड बुडाची स्टीलची कढई किंवा पातेलं, निदान ३ लिटरचं. पाक आणि दूध दोन्ही उकळताना तिप्पट वर येतात.
- लांब दांड्याचा लाकडी डाव, आणि टोकाला सपाट असलेलं लाकडी उलथनं.
- वजनकाटा, ग्रॅम दाखवणारा. वाटीचं माप इथे चालत नाही. जाड साखरेची वाटी आणि बारीक साखरेची वाटी यांच्या वजनात फरक पडतो.
- पाकाचा थर्मामीटर, २०० अंशांपर्यंतचा. तापाचा थर्मामीटर अजिबात नाही, तो फुटतो.
- बटर पेपर, कडा असलेलं ताट किंवा चौकोनी डबा, सिलिकॉनचा किंवा स्वयंपाकाचा ब्रश.
- मिल्क क्रीम आणि मार्झिपानसाठी रबराचे किंवा सिलिकॉनचे साचे.
- पुरणयंत्र, पेरूसाठी.

लोखंडी कढई पेरूला वापरू नका. पेरूतलं टॅनिन लोखंडाशी मिळून चीज काळपट होतं आणि चवीला लोखंड लागतं. पितळेची कढई घ्यायची असेल तर कल्हई ताजी हवी. पेरू आणि लिंबू दोन्ही आंबट, कल्हई उडालेली असेल तर कळकतं.

किराणा रविवार पेठेत एकदम घेतला तर परवडतो. लिक्विड ग्लुकोज, इसेन्स, साचे आणि बटर पेपर मात्र बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातच मिळतात. नाताळाच्या आदल्या आठवड्यात तिथे साचे उरत नाहीत, म्हणून ती खरेदी नोव्हेंबरातच उरका.

काजू खानापूर आणि चंदगडकडचा ताजा मिळतो. अख्खा घेऊ नका, तुकडा घ्या. दळायचाच आहे, आणि तुकडा बराच स्वस्त पडतो. फक्त एक तुकडा चावून बघा. खवट वास आला तर सगळा पदार्थ खवट होणार. महाराष्ट्रातून इकडे नव्याने आलेल्यांनी एक लक्षात ठेवायला हवं: कानडीत काजूला गोडंबी म्हणतात. आपली मराठी गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, तो वेगळाच पदार्थ. पाटीवर किंवा यादीत गोडंबी लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, आणि मागताना काजू म्हणा, दोन्हीकडे कळतं.

दूध गवळ्याचं म्हशीचं सगळ्यात चांगलं. एक तर त्यात सायीचा आणि घट्टपणाचा अंश जास्त, म्हणून लवकर आटतं. दुसरं म्हणजे गायीच्या दुधात कॅरोटीनचा पिवळेपणा असतो, म्हशीच्या दुधात नसतो, त्यामुळे मिल्क क्रीम पांढरंशुभ्र येतं. पिशवीचं घ्यायचं तर फुल क्रीम. टोन्ड दुधात आटवून हाती काही लागत नाही.

३. पाक ओळखायला शिका

साखर पाण्यात विरघळवून उकळत ठेवली की पाणी उडत जातं आणि पाकाचं तापमान चढत जातं. तापमान म्हणजेच पाकात किती पाणी उरलं याचं माप. पाणी जितकं कमी, गार झाल्यावर कँडी तितकी कडक. आपल्याकडे एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द आहेतच, त्यांनाच आकडे जोडून घ्या. पुढचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत.

एकतारी पाक सुमारे १०४-१०५ अंशांना होतो. मऊ गोळी ११२ ते ११६ ला: गार पाण्यात थेंब टाकला तर बोटांत गोळी जमते, पण पाण्याबाहेर काढल्यावर बसते. घट्ट गोळी ११८ ते १२१ ला: गोळी बाहेरही आकार धरते, दाबली तर दबते. पक्की गोळी १२१ ते १३० ला. त्यापुढे १४९ ते १५४ ला कडक पाक: थेंब पाण्यात पडताच काचेसारखा होतो आणि मोडताना कट् असा आवाज येतो. १६० च्या पुढे साखर तांबूस व्हायला लागते, म्हणजे कॅरॅमल.

आता बेळगावचा मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. साधारण ३०० मीटरला उकळबिंदू १ अंशाने उतरतो, म्हणून इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९७.५ च्या आसपास उकळतं. पाकाचे आकडेही तेवढेच खाली येतात. पुस्तकात ११८ लिहिलं आहे म्हणून इथे ११८ पर्यंत शिजवलं, तर टॉफी ठरल्यापेक्षा एक पायरी कडक होते. कृती बरोबर, काटा बरोबर, तरी टॉफी दाताला चिकटते, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खानापूर, निपाणी, संकेश्वर यांची उंची वेगळी, थर्मामीटरही प्रत्येकाचा थोडा वेगळा दाखवतो. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा हे करा: सुरुवात करण्याआधी पातेल्यात पाणी खळखळ उकळा, थर्मामीटरचं टोक बुडाला न टेकवता २ मिनिटं धरा आणि आकडा बघा. तो ९७ आला तर तुमचा फरक ३. कृतीतल्या प्रत्येक तापमानातून ३ वजा करा. उंचीचा फरक आणि थर्मामीटरची चूक, दोन्ही एकदमच निघतात.

थर्मामीटर नसेल तर गार पाण्याची वाटी आहेच, आणि असला तरी वाटी जवळ ठेवा. थेंब टाकताना मात्र गॅस बंद करा. तुम्ही गोळी तपासत बसता तेवढ्या अर्ध्या मिनिटात पाक पुढच्या अवस्थेत जातो.

४. पाक रवाळ का होतो

पाक छान चालला होता आणि अचानक सगळा रवाळ, पांढरा गोळा झाला, ही सगळ्यात मोठी तक्रार. कारण साधं आहे. विरघळलेली साखर पुन्हा खडा व्हायला टपलेलीच असते, तिला फक्त एक कण लागतो. कढईच्या कडेला चिकटलेला साखरेचा दाणा आत पडला, किंवा उकळी आल्यावर डाव फिरवला, की एकाला एक दाणे जुळत जातात आणि बघता बघता सगळा पाक बसतो.

त्यावर चार उपाय, चारही करा. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळल्याशिवाय उकळी येऊ देऊ नका. कडा ओल्या ब्रशने पुसून घ्या. उकळी आली की ढवळणं बंद, हवं तर भांडं हलकं फिरवा. आणि पाकात थोडं लिक्विड ग्लुकोज घाला, साखरेच्या पाव भागाइतकं, कडक गोळ्यांना थोडं जास्त. ग्लुकोज नसेल तर पाव किलो साखरेला अर्धा चमचा लिंबाचा रस: आंबटपणामुळे काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि दाणे जुळायला अडचण होते.

दुधाच्या पदार्थात लिंबू घालायचं नाही, दूध नासतं. गूळही उकळत्या दुधात घालू नका, त्याच कारणाने.

पाक रवाळ झालाच तर टाकून देऊ नका. अर्धी वाटी पाणी घाला, मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, कडा पुसा, पुन्हा शिजवा.

५. भाजण्यापासून जपा

हे गंभीरपणे वाचा. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. पाक करताना लहान मुलं स्वयंपाकघराबाहेर. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. ओट्यावर गार पाण्याचं मोठं पातेलं भरून ठेवा. पाक उडाला तर हात लगेच त्यात बुडवा, मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ भाजलं असेल तर सरळ दवाखाना गाठा.

बोटाने चाखून बघायची सवय असेल तर ती या दिवसापुरती तरी सोडा.

६. सोपी सुरुवात: नारळाची वडी आणि मार्झिपान

नारळाची वडी करता येत असेल तर नाताळाच्या डब्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. २०० ग्रॅम ओलं खोबरं, २०० ग्रॅम साखर, अर्धी वाटी दूध, चमचाभर तूप. खोवताना पाठीचं काळं येऊ देऊ नका. अर्ध्या मिश्रणात बिटाच्या रसाचे थेंब घालून गुलाबी थर, वर पांढरा थर. दोन दिवसांच्या आत संपवा.

काजूकतली जमणाऱ्यांना मार्झिपानही जमल्यात जमा. गोव्याकडे ते अंड्याच्या पांढऱ्यात करतात, बिनअंड्याचं एकतारी पाकात होतं. १५० ग्रॅम साखर, ६० मिलि पाणी, एकतारी पाक. त्यात २०० ग्रॅम काजूपूड घालून मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत हलवा. उतरवून बदामाच्या इसेन्सचे ३-४ थेंब घाला, जास्त घातले तर कडवट लागतं. कोमट असताना तुपाच्या हाताने मळा, साच्यात दाबा. साच्याला तुपाचा नुसता हात फिरवा. तूप खाचेत साठलं तर नक्षी उठत नाही.

काजू दळण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. काजू कोरडा आणि गार हवा, मिक्सर थांबत थांबत फिरवा, चमचाभर साखर सोबत घाला. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो, मग ते मार्झिपान कधीच कोरडं होत नाही. पूड चाळून घ्या.

७. पेरूचं चीज

नावात चीज असलं तरी दुधाचा थेंबही नाही. गोव्यात याला पेराद म्हणतात. वेळ लागतो, पण चुका पोटात घालणारा पदार्थ आहे, म्हणून वडी आणि मार्झिपाननंतर नवख्यांनी याच्याकडेच वळावं असं माझं ठाम मत आहे.

दीड किलो पिकलेले पेरू घ्या, त्यात तीन-चार थोडे कच्चे असू द्या. चीज जमतं ते पेक्टिनमुळे, आणि ते कच्च्या फळात जास्त असतं. आतून लाल पेरू मिळाले तर रंग छान येतो. पांढऱ्याचा रंग शिजून बदामी-तांबूस होतो, तोही वाईट दिसत नाही.

पेरू धुऊन, देठ आणि टोक काढून फोडी करा. बुडतील इतकंच पाणी घालून २० मिनिटं मऊ शिजवा. पाणी निथळून घ्या आणि गर पुरणयंत्रातून काढा, सगळ्यात बारीक जाळी लावून. तरीही काही बारीक बिया उतरतात, म्हणून तो गर एकदा चाळणीतून दाबून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एक बी दाताखाली आली तरी सगळी मजा जाते. गराचं वजन करा. साधारण १ किलो भरेल. त्याला ७५० ग्रॅम साखर, २ लिंबांचा रस, चिमूटभर मीठ, आणि शेवटी घालायला चमचाभर लोणी.

गर एकटाच १० मिनिटं परतून पाणी कमी करा. मग साखर, लिंबाचा रस आणि मीठ घाला. मध्यम आच, सतत ढवळणं. अर्ध्या तासानंतर मिश्रण घट्ट होऊन फदफदायला लागतं आणि गराचे चटके उडतात. इथून पुढे आच मंद करा आणि डाव धरलेल्या हाताला कोरडं फडकं गुंडाळा. आणखी २० ते ३० मिनिटांनी डाव बुडावरून ओढला की मागे वाट पडते आणि ती क्षणभर तशीच राहते. थोड्या वेळाने सगळा गोळा डावाभोवती गोळा होऊन कढईच्या कडा सोडतो, चकाकी येते. लोणी घाला, दोन मिनिटं हलवा.

खात्री करायची तर छोटा तुकडा गार ताटलीवर ठेवा, ५ मिनिटांनी उचला. बोटाला न चिकटता उचलला गेला तर झालं. चिकटला तर अजून ५ मिनिटं.

लोणी लावलेल्या साधारण २३ सेंटीमीटरच्या चौकोनी ताटात ओता, ओल्या वाटीच्या बुडाने सारखं करा, वर मलमलचं फडकं टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेल लावलेल्या सुरीने काप पाडा. दुसऱ्या दिवशीही मऊच असेल तर पुन्हा कढईत घालून शिजवा, काही बिघडत नाही. उलट जास्त शिजलं तर मात्र चामड्यासारखं चिवट होतं आणि त्यावर इलाज नाही. सुरुवातीला चुकायचंच असेल तर मऊपणाकडे चुका.

८. मिल्क क्रीम

१ लिटर म्हशीचं दूध, २२५ ग्रॅम साखर, १०० ग्रॅम काजूपूड, अर्धा चमचा व्हॅनिला किंवा गुलाबाचं इसेन्स, चमचाभर लोणी. एवढ्यात छोट्या साच्याचे ४०-४५ नग होतात.

बेळगावकरांना दूध आटवणं नवीन नाही, कुंदा इथलाच. अडचण नेमकी तिथेच आहे. कुंद्याला दूध तांबूस व्हावं लागतं, खरपूस वास यावा लागतो. मिल्क क्रीमला ते पांढरंच राहायला हवं. म्हणजे कुंद्याचा हात इथे आवरायचा: आच मध्यमपेक्षा कमी, बूड सतत खरवडलेलं, आणि लागण्याची जरा शंका आली की लगेच दुसऱ्या कढईत ओतणं. लागलेलं बूड खरवडून आत मिसळू नका.

दूध निम्म्यावर आणा, साधारण ३० ते ३५ मिनिटं. कडेला जमणारी साय सारखी आत ढकला, तिथे वाळू दिली तर नंतर तिचे चिवट तुकडे दाताखाली येतात. मग साखर घाला. मिश्रण पुन्हा पातळ होईल, घाबरू नका. पाच मिनिटांनी काजूपूड घाला आणि हलवत राहा. आधी रबडीसारखं, मग शिऱ्यासारखं, मग गोळा व्हायला लागतं. या शेवटच्या टप्प्याला फार तर ७-८ मिनिटं लागतात आणि सगळं यश-अपयश त्यातच आहे.

चाचणी अशी. अर्धा चमचा मिश्रण ताटलीत घ्या, एक मिनिट गार होऊ द्या, तुपाच्या बोटांनी वळा. गोळी चिकटत असेल तर अजून दोन मिनिटं. गुळगुळीत वळली, तडा गेला नाही, बोटं कोरडी राहिली, की ताबडतोब गॅस बंद. कढई खालीही उतरवा, जाड बुडाची उष्णता पुढे शिजवत राहते.

ताटात काढून इसेन्स घाला. हाताला सोसेल इतकं गार झालं की लोणी लावून ४-५ मिनिटं चांगलं मळा. मळण्याने साखरेचे कण बारीक राहतात आणि जिभेवर पदार्थ विरघळतो. अर्धा गोळा ओल्या फडक्याखाली झाका, अर्धा साच्यात दाबत चला. साचा भरून वरचं जास्तीचं सुरीने कापा, मागून हलकं वाकवून नग सोडवा, बटर पेपरवर पंख्याखाली ३-४ तास सुकू द्या. उन्हात ठेवू नका, तूप सुटतं.

वळताना तडे जात असतील तर जास्त शिजलं. चमचा-दोन चमचे गरम दूध शिंपडून मंद आचेवर हलवा, पुन्हा मळा, बहुतेक वेळा सुधारतं. साच्यातून निघत नसेल तर कमी शिजलं, परत कढईत. अगदीच रवाळ, कोरडा चुरा झाला तर त्यात थोडं सुकं खोबरं आणि वेलची घाला आणि करंजीचं सारण करा. उत्तम लागतं.

९. लोण्याची मऊ टॉफी

२०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ६० मिलि पाणी, २०० मिलि फ्रेश क्रीम, १०० ग्रॅम लोणी, पाव चमचा मीठ. खारवलेलं लोणी वापरलं तर मीठ नको. १५ सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घाला, कागद कडांच्या वर येऊ द्या, नंतर त्यालाच धरून उचलायचं असतं.

क्रीम वेगळ्या भांड्यात कोमट करून ठेवा. गार क्रीम गरम पाकात पडलं तर पाक एकदम गोठतो आणि जोरात उसळतो.

साखर, ग्लुकोज, पाणी मंद आचेवर विरघळवा, मग आच वाढवा, ढवळू नका. पाक मधाच्या रंगाचा झाला की लक्ष द्या, तिथून गडद तांबूस व्हायला मिनिटभरही लागत नाही. धूर दिसला म्हणजे उशीर झाला, ते कडूच लागणार. तांबूस होताच आच बंद करून क्रीम थोडं थोडं ओता, लांब डावाने हलवत. मिश्रण फसफसून वर येतं, म्हणूनच मोठं भांडं. मग लोणी आणि मीठ घाला, पुन्हा मध्यम आच. आता मात्र ढवळत राहायचं, क्रीम बुडाला लागतं.

कृतीतलं तापमान ११८ ते १२०. म्हणजे बेळगावात, थर्मामीटर बरोबर असेल तर, साडे ११५ ते साडे ११७. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यातली गोळी पाण्याबाहेरही आकार धरायला हवी आणि चावल्यावर मऊ लागायला हवी. डब्यात ओता, भांडं खरवडून आत घालू नका, खालचा थर जास्त शिजलेला असतो. ४ तास तसंच ठेवा. तेल लावलेल्या सुरीने अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडले की ३६ नग होतात.

मध्येच तूप वेगळं सुटलेलं दिसलं तर आच बंद करा, चमचाभर गरम पाणी घालून जोरात हलवा, बहुधा एकजीव होतं. सुटलेली टॉफी एकदा ओतली की मग हा उपाय चालत नाही.

१०. पेपरमिंटच्या गोळ्या: दोन वेळा टॉफी जमल्यावरच

४०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १२० मिलि पाणी. कडक पाक, १५० अंश (बेळगावात साडे १४७). उतरवून बुडबुडे बसले की खाण्याचं पेपरमिंट तेल पाव ते अर्धा चमचा. घालताना तोंड दूर ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. तेल लावलेल्या जाड स्टीलच्या ताटात ओता. लाल-पांढरी काठी करायची तर अर्ध्यात रंग घाला, आणि पांढरा अर्धा भाग जाड हातमोजे घालून ओढत-दुमडत राहा. हवा शिरून तो आपोआप पांढरा, रेशमी होतो. मग दोन्हींच्या वळ्या एकत्र पिळून काठ्या कापा. हाताशी ५-७ मिनिटंच असतात, त्यामुळे दुसरं माणूस सोबत हवंच.

११. गुंडाळणं, टिकवणं, डबा भरणं

टॉफी कापल्या कापल्या प्रत्येक नग बटर पेपरमध्ये गुंडाळा, वर रंगीत जिलेटिनचा, म्हणजे सेलोफेनचा, कागद. उद्या गुंडाळू म्हणून ठेवली तर रात्रीत एकमेकींना चिकटतात. टॉफी आणि गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यांना घाम सुटतो आणि पाघळतात.

मिल्क क्रीम बाहेर ४-५ दिवस, फ्रिजमध्ये घट्ट डब्यात १० दिवसांपर्यंत. टॉफी २ आठवडे. पेरूचं चीज पिठीसाखरेत न घोळवता बटर पेपरच्या थरांत महिनाभर.

डब्यात तळाला चीज, मग टॉफी, सगळ्यात वर मिल्क क्रीम. पेपरमिंटच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधा, नाहीतर तासाभरात सगळ्या डब्याला त्यांचाच वास लागतो. चिठ्ठीवर काजू, दूध, दाणे काय काय आहे ते लिहा, कुणाला चालत नसेल तर कळायला हवं. यातल्या कशातही अंडं किंवा जिलेटिन नाही, तेही लिहा. शाकाहारी शेजाऱ्यांना विचारायचा संकोच वाटतो.

कुणी पुढे जाऊन विकायला करणार असेल तर घरगुती धंद्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होते. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. पाकिटावर घटक, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ छापावं लागतं. हे काम ऑक्टोबरातच सुरू करा. डिसेंबरात कढईपुढून हलायला वेळ मिळत नाही.